अर्धी मात्रा

काशीस येणारा मनुष्य मोक्षासाठी येतो, निदान कचोरी-जिलबीसाठी तरी येतो. इंग्रजी व्याकरणासाठी येथे कोणी पायऱ्या चढत असेल, हे बाहेरच्या माणसास खरे वाटणार नाही. परंतु ब्रह्माघाटावरील आमच्या जुन्या वाड्यात रोज सायंकाळी पाच वाजता जी वीस-पंचवीस मुले-मुली दाराशी चपला काढतात, ती केवळ त्याचसाठी येतात. आमचे पूर्वज पेशवाईत वेदाध्ययनासाठी येथे आले आणि राहिले. ज्या बैठकीत त्यांनी दशग्रंथ घोकले, त्याच बैठकीत सतरंजी अंथरून आम्ही इंग्रजीची शब्दयोगी अव्यये घोकून घेतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर वेळ जावा म्हणून सुरू केलेला हा उद्योग आता आम्हांस सोडीत नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही त्याला सोडू इच्छीत नाही.

मुले येतात ती चंदौली, गाजीपूर, जौनपूर, मिर्झापूरकडची. काही थेट बिहारच्या बक्सर-भभुआकडून येऊन येथे खोली घेऊन राहिलेली. कोणास बँकेत कारकून व्हावयाचे असते, कोणास रेल्वेत, कोणास केंद्र सरकारच्या एखाद्या कचेरीत. यांतील बहुतेक वाटा एका अरुंद फाटकातून जातात, आणि त्या फाटकावर इंग्रजीचा एक पहारेकरी बसलेला आहे. तो निबंध मागत नाही, पत्र मागत नाही, संभाषण तर मुळीच मागत नाही. तो एक वाक्य देतो, त्यातील काही शब्दांखाली रेघ ओढतो आणि विचारतो, यात सुधारणा हवी काय? हवी असल्यास खालील चारांपैकी कोणती? असे प्रश्न सोडविताना एकेकास अर्धे मिनिट मिळते. उत्तर चुकले तर मिळालेल्या गुणांतूनही काही कापले जाते.

हे प्रश्न वरवर नाना प्रकारचे दिसले, तरी वर्षानुवर्षे ते पाहिल्यावर आमची अशी समजूत झाली आहे की, त्यांच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात. एक, जे थोडक्यात सांगता येते ते लांबवू नये. दुसरी, जे जसे बोलतात तसेच बोलावे. पहिलीस आपण लाघव म्हणू, दुसरीस रूढी. पहिली शिकविता येते. दुसरी शिकविता येत नाही, आणि आमच्या उपजीविकेचा मोठा भाग या न येणाऱ्या गोष्टीवरच चालला आहे, हे कबूल केले पाहिजे.

लाघवाचे पाहा. 'रिटर्न बॅक' असे लिहिले की आम्ही 'बॅक' खोडावयास लावतो, कारण परतणे हे मागेच असते. 'फ्री गिफ्ट' यातील 'फ्री' खोडावयास लावतो, कारण पैसे घेऊन दिलेली भेट ही भेटच नव्हे. हे समजावून देण्यासाठी आम्हांस कोणत्याही साहेबाच्या पुस्तकाची गरज पडलेली नाही. विशेषण सार्थ केव्हा होते, याचे उत्तर आपल्या मीमांसकांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. तो गुण त्या वस्तूच्या ठिकाणी संभवला पाहिजे, आणि क्वचित नसणेही शक्य असले पाहिजे. अग्नीला थंड म्हणणे व्यर्थ, कारण ते संभवत नाही. अग्नीला उष्ण म्हणणेही व्यर्थ, कारण त्याहून निराळा अग्नी नाही. हा एवढा दाखला दिला की जौनपूरचा मुलगासुद्धा 'फ्री गिफ्ट'पाशी हसतो, आणि पुन्हा चुकत नाही.

परंतु याच मुलाने एकदा आमची चांगलीच अडवणूक केली. 'कझिन ब्रदर' यातील 'ब्रदर' आम्ही खोडविला, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, कझिन बहीणही असू शकते. मग 'ब्रदर' म्हणणे हे अग्नीला उष्ण म्हणणे कसे?" त्याचे म्हणणे अगदी रास्त होते. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असा चौपदरी हिशेब ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना तर 'कझिन' हा शब्द आधीच दरिद्री वाटतो. त्याला 'ब्रदर' जोडला तर निदान बंधू की भगिनी एवढे तरी कळते. मीमांसकांच्या कसोटीवर ते विशेषण पुरेपूर उतरते. तरी ते चूक, कारण इंग्रज तसे बोलत नाही. तर्काने तारलेले रूढीने बुडविले. आम्ही त्या मुलाला शाबासकी दिली आणि 'ब्रदर' खोडावयास सांगितले. ही दोन्ही कामे एकदम करताना मनाला जे होते, ते शिकविणाऱ्यासच ठाऊक.

रूढीची गोष्ट निघाली म्हणून थोडे विषयांतर करतो. मनुष्य वाघाला भितो. मराठीत 'ला' लागतो. हिंदीत तो 'बाघ से' डरतो. इंग्रजीत तो 'अफ्रेड ऑफ' असतो, म्हणजे जवळजवळ 'वाघाचा' भ्यालेला. संस्कृतात पंचमी, आणि पाणिनीने तर भयाचे जे कारण त्याला अपादान म्हणावे असा एक स्वतंत्र नियमच सांगितला आहे. वाघ एकच, मनुष्य एकच, धडकीही एकच. पण चार भाषांत त्या धडकीचे नाते चार प्रकारांनी जुळते. रागाचेही असेच. आपण कोणावर रागावतो, इंग्रज कोणा'विथ' रागावतो, आणि संस्कृतात ज्याच्यावर रागवावयाचे त्याला चतुर्थी लागते, जणू राग ही द्यावयाची वस्तू आहे. बरे, त्याच क्रोधाच्या धातूमागे एखादा उपसर्ग लागला की चतुर्थी जाऊन द्वितीया येते, हेही पाणिनी बजावून सांगतो. इंग्रजी क्रियापदामागे 'अप' की 'आउट' या प्रश्नाने रडकुंडीस आलेल्या मुलांस आम्ही हे सांगतो, तेव्हा त्यांना थोडा धीर येतो. अडीच हजार वर्षांपूर्वीही कोणीतरी हे पाठ केलेच होते!

याचे कारण काय, असे मुले विचारतात. कारण असे की, याला कारण नाही. एवढ्याच उत्तरावर कोणास फी देणे परवडत नाही, म्हणून आम्ही उदाहरणे देतो. सर्वांत हमखास उदाहरण दाराबाहेरच वाहते. 'बनारस इज ऑन द गँजेस' हे वाक्य फळ्यावर लिहिले की पहिल्या बाकावरचा कोणीतरी विचारतोच, शहर पाण्यावर तरंगते काय? आलंकारिकांनी लक्षणा समजाविण्यासाठी गंगेवरच्या गौळवाड्याचा दाखला शतकानुशतके घोटला आहे; प्रवाहावर वस्ती संभवत नाही, म्हणून 'गंगेवर' याचा अर्थ गंगातीरी असा घ्यावयाचा. आमच्या घरातील बायका पहाटे 'गंगेवर' स्नानाला जात, त्याही पाण्यावरून चालत नव्हत्या. संस्कृत, मराठी आणि इंग्रजी ही तिन्ही येथे अवचित एकाच घाटावर भेटतात. असे प्रसंग थोडे. बाकी सर्व पाठांतर.

आणि या पाठांतराच्या बाबतीत दुसऱ्यास हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. काही वर्षांपूर्वी पुण्याचे आप्त उतरले होते. बोलता बोलता आमच्या तोंडून "त्याच्याशी विचारून सांगतो" असे गेले. पुणेकरांच्या धाकट्या मुलाने हळूच आईकडे पाहिले. हिंदीतील 'उससे पूछकर' आमच्या मराठीत केव्हा येऊन बसले, ते आम्हांस कळलेही नव्हते. आमच्या वडिलांनाही कळले नसावे, कारण तेही तसेच म्हणत. दीडदोनशे वर्षे या गल्लीत मराठी राखली, पण राखलेल्या सोन्यात इतके तांबे मिसळले आहे, हे एका बारा वर्षांच्या मुलाच्या भुवईने दाखविले. त्या दिवशी आम्हांस आमच्या विद्यार्थ्यांची दया आली नाही. ते आमचेच भाऊबंद वाटले. 'मॅरीड विथ' लिहिणारा मुलगा चूक करीत नसतो. तो आपल्या आईच्या भाषेचे व्याकरण प्रामाणिकपणे पाळीत असतो. 'डिस्कस अबाउट' लिहिणाऱ्याला तर आमची पूर्ण सहानुभूती आहे. चर्चा 'विषयी'शिवाय कशी करावी?

असो. ज्या गोष्टीसाठी हे लिहावयास बसलो, ती सांगतो.

आमच्याकडे एक मुलगी येत असे, अजून येते. घर मुगलसरायला. स्टेशनाचे नाव 2018 साली बदलले, पण रिक्षावाले अजून मुगलसरायच म्हणतात. वडील तेथे एका कंत्राटदाराकडे माल चढविण्या-उतरविण्याच्या कामावर. ती रोज सहा जणांच्या रिक्षात बसून राजघाटचा पूल ओलांडून येते, आणि त्या पुलावर गाडी तुंबली तर अर्धा पाठ बुडतो. घरी बोलतात भोजपुरी. तिच्या तोंडची भोजपुरी ऐकावी. एकेक वाक्प्रचार असा बसलेला, की त्याच्या जागी दुसरा शब्द सुचू नये. दुर्दैवाने त्याची परीक्षा कोणी घेत नाही. वयाच्या अटीप्रमाणे तिच्या हाती आणखी दोनच संधी उरल्या होत्या.

तिच्या प्रश्नपत्रिकेत एक वाक्य आले होते. त्याचा आशय असा, की समितीने ती योजना अव्यवहार्य मानली. इंग्रजीत 'कन्सिडर्ड द प्लॅन टू बी इम्प्रॅक्टिकल' असे शब्द होते आणि त्यांतील 'टू बी'खाली रेघ होती. पर्यायांत 'ॲज' होता, 'लाइक' होता, 'टू बी' नुसते काढून टाकावे असा एक होता, आणि चौथा, सुधारणेची आवश्यकता नाही. तिने चौथा निवडला. आम्ही शिकविलेच तसे होते. 'कन्सिडर'पुढे 'ॲज' लावू नये हे आम्ही दहादा बजावले होते. 'टू बी' चालते, हेही सांगितले होते. आमच्या आजोबांच्या कपाटात नेसफील्डसाहेबांचे जे जीर्ण पुस्तक आहे, त्यावर आमचे इंग्रजी वाढले. हे साहेब याच प्रांताच्या शिक्षणखात्याचे डायरेक्टर होते, आणि त्यांच्या मालेतील चौथ्या पुस्तकाचे नावच 'इडियम, ग्रामर अँड सिंथेसिस' असे आहे. त्यानंतर आले रेन आणि मार्टिन. या तिघांच्या खांद्यावर बसून आम्ही आयुष्यभर निर्धास्तपणे 'टू बी' म्हणत आलो.

उत्तरसूची लागली, तीत तिसरा पर्याय बरोबर ठरला होता. 'टू बी' काढून टाकावे, म्हणजे वाक्य आटोपशीर होते. प्रश्न दोन गुणांचा. चुकल्यास अर्धा गुण वजा. म्हणजे एकंदर अडीच गुणांचा फरक. मुलगी काही बोलली नाही. तिने मोबाईल आमच्यापुढे धरला आणि आमच्या तोंडाकडे पाहत राहिली.

रात्री आम्ही सारे शब्दकोश काढले. त्यांत 'टू बी' होते आणि 'टू बी'वाचूनही होते. अमेरिकेत शिकावयास जाण्याच्या खटपटीत असलेल्या आमच्या भाच्याला फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी जी 'जीमॅट' नावाची परीक्षा असते, तिच्या तयारीच्या पुस्तकांतून 'कन्सिडर'पुढे काहीच लावू नये, हे सूत्र म्हणून पाठ करवीत. भाचा पुढे म्हणाला, "मामा, तो वाक्ये सुधारण्याचा प्रकारच त्यांनी 2023 च्या अखेरीस नव्या परीक्षेतून काढून टाकला." म्हणजे ज्या दूरच्या देवळातून हा नियम निघाला असावा, तेथील मूर्ती उठली, पण तिचा अंगारा आमच्या गल्लीतील मार्गदर्शकांतून अजून वाटला जात आहे. हा अर्थातच आमचा तर्क. प्रश्न काढणाऱ्याने तो कोठून घेतला, हे विश्वेश्वरास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मन इतके अस्वस्थ होते की आम्ही पलीकडच्या गल्लीतील शास्त्रीबुवांकडे गेलो. शास्त्रीबुवा वैयाकरण. इंग्रजीचे अक्षर येत नाही. आम्ही प्रकरण सांगितले आणि शेवटी म्हणालो, "चूक आमचीच. ज्या गावात नागेशभट्टांनी ग्रंथ लिहिले, त्या गावात राहून आम्ही लाघव विसरलो." यातील खोच वाचकांच्या ध्यानी यावी म्हणून सांगतो. नागेशभट्ट हे महाराष्ट्रीय. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकात काशीत होऊन गेले. त्यांच्या 'परिभाषेंदुशेखर' या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न यांनी केला. त्या ग्रंथातील अगदी शेवटच्या परिभाषेचा भाव असा, की अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो. येथे तर दोन अख्खे शब्द वाचत होते!

शास्त्रीबुवांनी सुपारी कातरण्याचे थांबविले. "मास्तर, शेवटची परिभाषा सगळ्यांना पाठ असते. तिच्या आधीची कोणी वाचत नाही. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच ना?"

"एकच."

"तुमचे इंग्रज दोन्ही बोलतात ना?"

"बोलतात. लिहितातही."

"मग भांडण कसले? पर्याय असलेल्या शब्दांत लांब कोणता नि आखूड कोणता याची चर्चा करू नये, हेही त्याच ग्रंथात आहे. अहो, विकल्प सांगायला 'वा' हे एक अक्षर पुरे. तरी पाणिनी कुठे 'विभाषा' म्हणतो, कुठे 'अन्यतरस्याम्' म्हणतो. पाच अक्षरे! त्याला काय अर्धी मात्रा मोजता येत नव्हती? आणि दुसरे असे, लाघव हा सूत्र करणाऱ्याचा धर्म. बोलणाऱ्याने प्रत्येक वाक्यात अर्धी मात्रा वाचवायची म्हटली तर घरात कोणी कोणाशी प्रेमाने बोलायचा नाही."

आम्ही घरी परतलो ते जवळजवळ आनंदात. परंतु आमच्या वाचनाने आमची ही शांतता फार वेळ टिकू दिली नाही. 1979 साली पॉल किपार्स्की या अमेरिकेतील पंडिताने असे प्रतिपादन केले, की पाणिनीचे हे तीन शब्द मुळात पर्याय नव्हेतच. 'वा' म्हणजे हे रूप असावे हे बरे. 'विभाषा' म्हणजे नसावे हे बरे, पण चालेल. आणि 'अन्यतरस्याम्' म्हणजे दोन्ही सारखी. परंपरेला हे मान्य नाही, आणि शास्त्रीबुवांपुढे आम्ही ते बोललोही नाही. पण आम्हांस ते पटते. भाषेत बरोबर आणि चूक यांच्यामध्ये एवढी मोठी वस्ती आहे. अधिक बरे, कमी बरे, क्वचित चालणारे, आजीच्या तोंडी शोभणारे. 'टू बी' फार तर 'विभाषा' ठरेल, आम्ही तर 'अन्यतरस्याम्' म्हणू. उत्तरपत्रिकेत मात्र चार वर्तुळे असतात, आणि त्यांतील एकच काळे करावयाचे असते.

आक्षेप नोंदविण्यास तीन दिवसांची मुदत होती. त्याचे शुल्क वेगळे. आम्ही शब्दकोशाच्या पानाचे छायाचित्र काढले आणि अर्जाचा मसुदा करावयास बसलो. 'आय मोस्ट हंबली अँड रिस्पेक्टफुली बेग टू स्टेट' अशी आमची सुरुवात होती. बत्तीस वर्षे शाळेत रजेचे अर्ज याच वाक्याने लिहिले. मुलीने मसुदा वाचला. पेन्सिल घेतली. 'मोस्ट' गेला. 'हंबली' गेले, 'रिस्पेक्टफुली' गेले, 'बेग टू स्टेट दॅट' एका रेघेत गेले. उरली तीन वाक्ये: दोन्ही प्रयोग प्रचलित आहेत, सोबत कोशाचे पान जोडले आहे, दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. "गुरुजी, आपणच तर शिकवलंत," ती थोडी ओशाळून म्हणाली. शुल्क आम्ही देऊ केले, तिने घेतले नाही.

अंतिम उत्तरसूचीत काही बदल झाला नाही. कारण दिलेले नव्हते. पुढे यादी लागली, तेव्हा ती दीड गुणाने बाहेर राहिली होती.

तो श्रावण होता. पाणी घाटाच्या पायऱ्या चढून वर आले होते, नावा गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या होत्या. त्या सायंकाळी मुले थोडी आली. ती येणार नाही असे आम्ही धरून चाललो होतो, आणि मनातून ती न आली तर बरे, असेही वाटत होते, हे लपवीत नाही. साडेपाचला ती आली. पूल तुंबला होता म्हणाली. सतरंजीवर नेहमीच्या जागी बसली आणि वही उघडून विचारती झाली, "गुरुजी, पुढच्या वेळी हा प्रश्न आला तर काय लिहू?"

शास्त्रीबुवांचे उत्तर आम्हांस ठाऊक होते, आणि तिच्या वयाचा हिशेबही ठाऊक होता. "काढून टाक," आम्ही म्हणालो. "उत्तरसूचीप्रमाणे."

तिने शाईने लिहून घेतले: 'कन्सिडर', पुढे काही नाही. मग पान उलटण्यापूर्वी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत आणखी एक शब्द लिहिला. आम्ही चष्मा नीट करून पाहिला. 'दोन्ही' असे होते.

पुढचा प्रश्न 'प्रिव्हेंट'वर होता. त्याच्यापुढे 'टू' येत नाही, 'फ्रॉम' येते.